माठावरचं ऊन: जलरंगात उतरत्या वॉशने उजेड-सावली

चुन्याने पांढरी केलेली भिंत, तिच्यापुढे कट्ट्यावर माठ आणि डावीकडून येणारं सकाळी नऊचं ऊन. विषय साधा, पण त्यात एकही जागा सपाट नाही. माठ उजेडाकडून काळोखाकडे वळत जातो, त्याची सावली कट्ट्यावर पसरताना फिकी पडत जाते, भिंतसुद्धा एका टोकाला उजळ आणि दुसऱ्या टोकाला मंद असते. जलरंगात हे सगळं एकाच कौशल्यावर उभं आहे. गडदपासून फिक्यापर्यंत, मध्ये कुठेही पट्टा न दिसता रंग उतरवत नेणं. पाण्याने पातळ केलेल्या रंगाच्या सलग थराला वॉश म्हणतात, आणि असा उतरत जाणारा थर म्हणजे ग्रेडेड वॉश. आपण उतरता वॉश म्हणू.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या वस्तुचित्रासाठी शेडिंगची सवय लागते ती बहुतेकदा थरावर थर चढवण्याची. पेन्सिलीत ते खपून जातं. जलरंगात तिसऱ्या-चौथ्या थराला कागदाचा उजेड विझतो आणि माठ मातीचा न दिसता चिखलाचा दिसतो. सावली एका दमात, ओली असतानाच घडवायची असते. म्हणून पुढचं बरंचसं लिखाण रंगाइतकंच पाण्याबद्दल आहे.

आधी सामान

कागद ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड), कोल्ड प्रेस (किंचित खरखरीत पृष्ठभागाचा), जमल्यास १०० टक्के कॉटन. २२ × ३० इंची शीटचे चार तुकडे केले की ११ × १५ इंचाचा तुकडा मिळतो. या चित्राला तो पुरेसा. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद सरावाला चालेल, पण त्यावर वॉश लवकर आणि तुकड्यातुकड्यांनी वाळतो. त्यामुळे उतार बिघडला की चूक हाताची की कागदाची, हेच कळत नाही. शिकताना महाग कागद आणि कमी रंग घ्यावेत. लोक नेमकं उलटं करतात.

कागदाला कारखान्यातच जिलेटिनचं किंवा तशाच पदार्थाचं साइझिंग दिलेलं असतं, त्यामुळे पाणी लगेच आत न शिरता वर थांबतं. कोकणात किंवा मुंबईत पावसाळाभर उघड्यावर राहिलेल्या कागदाचं साइझिंग जागोजागी मरतं. दिसायला कागद ठीक असतो. वॉश टाकला की गडद ठिपके उमटतात, टीपकागदावर शाई सांडावी तसे. कागद चेन असलेल्या प्लॅस्टिक पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्या घालून, कपाटात आडवा ठेवा. वापरण्याआधी कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब ठेवून बघा. मिनिटभर तो गोल उभा राहिला तर कागद जिवंत आहे. लगेच मुरला तर त्या कागदावर वॉशचा हट्ट धरू नका, त्याच्यावर स्केच करा.

कागद चारही बाजूंनी मास्किंग टेपने बोर्डावर पक्का चिकटवा. बोर्ड थोडा कलता हवा. पंधरा इंची बोर्डाच्या वरच्या कडेखाली अडीच इंचांचं काही ठेवलं की साधारण १० अंशांचा उतार मिळतो. त्याहून जास्त कललं की रंग ओघळतो, अगदी सपाट ठेवलं की जिथल्या तिथे डबकं होतं.

ब्रश दोन पुरतात: एक इंची फ्लॅट आणि १० किंवा १२ नंबरचा, टोक टिकवणारा राउंड. तिसरा एक जुना मध्यम राउंड फक्त पाण्यासाठी राखून ठेवा, त्याचं काम पुढे येतं. खारीच्या केसांचा मॉप, म्हणजे जाड मऊ ब्रश, खूप पाणी धरतो, पण सोडतो तेही एकदम. सुरुवातीला तो नको. पाण्याची भांडी दोन, एक ब्रश धुवायला आणि एक स्वच्छ पाणी घ्यायला. स्वच्छ भांडं खरोखरच स्वच्छ राहिलं पाहिजे, नाहीतर उताराचं फिकं टोक मळकट होतं. शेजारी जुन्या सुती धोतराचा किंवा बनियनचा तुकडा. टिश्यूपेक्षा तो बरा. पाणी शोषतो आणि त्याचे धागे ब्रशला लागत नाहीत.

आणि छताचा पंखा बंद. एप्रिलच्या उकाड्यात हे सांगणं जिवावर येतं, पण पंख्याखाली वॉशची वरची बाजू वाळते आणि खालची ओलीच राहते. निम्मे पट्टे तिथेच तयार होतात.

रंग तीनच

अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट सिएना आणि रॉ सिएना. ट्यूबवर रंगद्रव्याचा क्रमांक छापलेला असतो तो वाचायची सवय लावा. अल्ट्रामरीन म्हणजे पीबी २९. बर्न्ट सिएना पीबीआर ७ किंवा पीआर १०१, दोन्ही चालतात. क्रमांक एकच असला तर मिश्रण स्वच्छ राहतं. एका ट्यूबमध्ये तीन-तीन क्रमांक असतील तर दोन ट्यूब मिसळताच सहा रंगद्रव्यं एकत्र येतात, मग राखाडी मरगळणारच.

अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिळून सगळ्या सावल्या होतात. निळा जास्त घातला तर थंड राखाडी, तपकिरी जास्त घातला तर ऊबदार करडा, दोन्ही दाट घेतले तर जवळजवळ काळा. काळ्या रंगाची ट्यूब लागत नाही. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि सावलीला बारीक दाणा येतो; मातीच्या आणि चुन्याच्या पृष्ठभागाला तो शोभतो. ओल्या फडक्याने तो बऱ्यापैकी उचलताही येतो. थॅलो ब्लू (पीबी १५) मात्र कागदाला डाग धरतो, एकदा बसला की हलत नाही. सावलीचा सराव त्याच्यावर करू नये.

उतार: मोजून एकदा, मग हाताने

कागदावर ३ × ६ इंचांचा उभा आयत आखा. वाटीत एक चमचा, म्हणजे ५ मिली पाण्यात अल्ट्रामरीन दाट कालवा. ब्रश उचलल्यावर थेंब पडावा, पण वाटीचा तळ दिसू नये. औषधाची सुई नसलेली सिरिंज जवळ ठेवा.

फ्लॅट ब्रश भरून आयताच्या वरच्या कडेला डावीकडून उजवीकडे एक आडवा पट्टा ओढा. बोर्ड कलता असल्यामुळे पट्ट्याच्या खालच्या कडेला रंगाची फुगीर ओळ जमते. सगळा खेळ या ओळीचा आहे. ती भरलेली असेपर्यंत वॉश जिवंत असतो. आता वाटीत १ मिली पाणी घाला, ढवळा, ब्रश भरा आणि दुसरा पट्टा असा ओढा की ब्रशची वरची कड त्या फुगीर ओळीला दोन-तीन मिलिमीटर शिवेल. ओळ फुटते, रंग खाली सरकतो आणि नवीन ओळ तयार होते. दोन पट्ट्यांनंतर दर वेळी २ मिली पाणी, आणखी दोनांनंतर ३ मिली. शेवटचे दोन पट्टे नुसत्या स्वच्छ पाण्याचे. तळाला जमलेली ओळ ब्रश पिळून हलकेच टिपून घ्या. ती तशीच राहिली तर वाळताना पाणी मागे चढतं आणि तळाशी फुलकोबीसारखा डाग उमटतो.

पाणी वाढवत का न्यायचं? पाच मिली रंगात एक मिली पाण्याने लगेच फरक दिसतो; तेच एक मिली दहा मिलीत जवळजवळ दिसतही नाही. दर वेळी सारखंच पाणी घातलं तर वरचा भाग धपकन उतरतो आणि खाली लांबलचक मधलीच छटा पसरून राहते. हे हाताला समजावं म्हणून सिरिंज. पाच-सहा आयत झाले की ती बाजूला ठेवा आणि वाटीत पाणी घालण्याऐवजी ब्रशच प्रत्येक पट्ट्याआधी स्वच्छ पाण्यात टेकवत चला: आधी नुसतं टोक, मग अर्धा, मग पूर्ण बुडवून. चित्र रंगवताना बहुतेक वेळा हीच पद्धत वापरतात.

एक पट्टा ओढायला तीन-चार सेकंद आणि पूर्ण आयत मिनिटाभरात. मागे वळून जायचं नाही. वरचा पट्टा थोडा असमान दिसतोय म्हणून ब्रश परत फिरवला की तिथला अर्धवट बसलेला रंग उचकटतो, आणि हा डाग नंतर कशाने झाकत नाही. ओलं असताना दिसणारी असमानता वाळल्यावर बरीचशी स्वतःहून जाते. आणि वाळल्यावर सगळाच वॉश फिका होतो, ढोबळमानाने पाव हिस्सा, म्हणून सुरुवातीचा रंग धीटपणे गडद घ्यावा. नवशिक्यांच्या सावल्या उथळ दिसतात त्या बहुतेक याच कारणाने.

उलटा उतार, म्हणजे फिक्याकडून गडदकडे, शक्यतो टाळता येतो: बोर्डच उलटा करायचा. गडद टोक वर आलं की गुरुत्वाकर्षण आपल्या बाजूने काम करतं. माठासारख्या आकारात मात्र हे जमत नाही, तिथे पाण्याने सुरुवात करून रंग सोडत जावं लागतं.

कागदाची चमक वाचणं

वॉश टाकल्यावर कागद चार अवस्थांतून जातो. पहिल्यांदा आरशासारखा चमकतो, खिडकीचं प्रतिबिंब दिसतं. मग चमक मंद होते, रेशमासारखी. मग चमक जाते, पण हाताची पालथी बाजू टेकवली तर कागद गार लागतो. शेवटी गारवाही जातो, तेव्हा तो खरा वाळलेला.

पहिल्या अवस्थेत सोडलेला रंग दूरवर पसरतो, आकार राहत नाही. दुसऱ्या अवस्थेत दाट रंग सोडला तर तो थोडाच पसरतो आणि मऊ कडेसह जागेवर थांबतो. माठाची गडद छाया याच वेळी घालायची. तिसरी अवस्था फसवी. कागद वाळल्यासारखा दिसतो, हात शिवशिवतो, आणि ब्रशमधलं पाणी आत शिरून रंगद्रव्याला बाहेर ढकलतं. फुलकोबी बहुतेक इथेच येते. या वेळेला चित्राला हात लावायचा नाही.

कारण साधं आहे. पाणी ओल्याकडून कोरड्याकडे जातं आणि जाताना रंग वाहून नेतं. ब्रश कागदापेक्षा ओला असेल तर तो पाणी सोडतो, कोरडा असेल तर शोषतो. चहाच्या कपाचा डाग वाळल्यावर कडेलाच गडद का असतो, त्याचं उत्तरही हेच: कडेचं पाणी आधी उडतं, त्याची जागा घ्यायला आतलं पाणी कडेकडे धावतं आणि चहा तिथे नेऊन टाकतं. वॉशची कड कडक होते तीही अशीच.

विदर्भातल्या उन्हाळी दुपारी पहिल्या ते तिसऱ्या अवस्थेचा प्रवास काही मिनिटांत होतो, कोकणातल्या जुलैत त्यालाच अर्धा तास लागू शकतो. त्यामुळे घड्याळाकडे बघून उपयोग नाही, डोळे कागदाच्या पातळीला नेऊन तिरपं बघा. कोरड्या हवेत काम करायचं असेल तर कागदाची मागची बाजू आधी ओल्या स्पंजने पुसून मग टेप लावा, वेळ थोडा वाढतो. हेअर ड्रायर वापरायचाच तर चमक गेल्यावर आणि फूटभर अंतरावरून. चमकत्या वॉशवर त्याने रंगाचे ओघळ सरकतात.

कड विरवणं

उतार कधी सहा इंचांचा असतो, कधी सहा मिलिमीटरचा. छोट्या उताराला वॉश न म्हणता कड विरवणं म्हणतात, आणि अर्धं चित्र त्यावर चालतं. गडद रंगाचा फटकारा मारा. मग पाण्यासाठी राखलेला ब्रश स्वच्छ बुडवून फडक्यावर एकदा पुसा. तो ओलसर हवा, गळता नको. हा ब्रश रंगाच्या कडेवर ठेवायचा नाही. कडेपासून चार-पाच मिलिमीटर दूर, कोऱ्या कागदावर, कडेला समांतर एक ओली रेघ ओढायची आणि दुसऱ्या फटकाऱ्यात ती जेमतेम कडेला शिवेल अशी आणायची. रंग आपणहून ओलाव्यात उतरतो. ब्रश थेट कडेवर घासला तर रंग मागे ढकलला जातो, तिथे नवी कडक ओळ तयार होते आणि माणूस ती घालवायला आणखी पाणी लावतो.

फटकारा आणि विरवणं यांत दहा सेकंदांपेक्षा जास्त अंतर नको. त्यामुळे दोन ब्रश दोन हातांत धरायची सवय करून घ्या.

सावली नीट बघितली तर

ब्रश उचलण्याआधी पाच मिनिटं फक्त बघा. एका पुठ्ठ्याला पंचिंग मशीनने भोक पाडा, हात लांब करून त्यातून एकेक जागा तपासा. भोवतालचं झाकलं गेलं की डोळ्याची फसगत थांबते. सगळ्यांत मोठं आश्चर्य भिंतीचं असतं: उन्हातल्या माठाची छटा आणि सावलीतल्या पांढऱ्या भिंतीची छटा जवळजवळ सारखीच गडद निघते. मन म्हणतं भिंत पांढरी, म्हणून हात तिची सावली फिकी घालतो आणि ऊन नाहीसं होतं. कोरा कागद शून्य आणि काळा दहा असं माप धरा. उन्हातली भिंत ० ते १, तिच्यावरची सावली ३ ते ४, माठाची उजेडातली बाजू ३ ते ४ आणि छायेतली ७ ते ८. हा काही नियम नव्हे, पण सुरुवातीला धरून चालायला चांगला.

माठाच्या अंगावर चार पट्टे दिसतात. डावीकडे वरच्या फुगीर भागावर उन्हाचा ठिपका. त्याच्याभोवती माठाचा खरा रंग. मग ऊन जिथे वळतं, तिथे सर्वांत गडद पट्टा. हा उजव्या कडेला नसतो, कडेच्या थोडा अलीकडे असतो. आणि अगदी कडेला पुन्हा किंचित उजेड, कारण उन्हातल्या कट्ट्यावरून आणि भिंतीवरून उसळलेला प्रकाश माठाच्या पोटावर येतो. हा परतलेला उजेड बघताना फार दिसतो आणि रंगवताना हमखास अतिशयोक्त होतो. त्याची जागा ७ वरून ६ वर, एवढीच. तो उन्हातल्या बाजूइतका उजळ केला की माठ पत्र्याचा वाटतो.

कट्ट्यावरची पडछाया माठाच्या बुडाशी सर्वांत गडद, कारण तिथे आकाशाचा उजेडही पोहोचत नाही. दूर जाताना ती आकाशाला उघडी पडते, म्हणून फिकी आणि निळसर होत जाते. तिची कडही बदलते. सूर्य हा बिंदू नाही, आकाशात तो सुमारे अर्ध्या अंशाचा आहे. त्यामुळे सावली टाकणारी कड जितकी दूर तितकी सावली पुसट. एक मीटर अंतराला साधारण ९ मिलिमीटर. म्हणजे माठाच्या बुडाजवळची सावली सुरीने कापल्यासारखी आणि पाच मीटर वरच्या फांदीची सावली चार-साडेचार सेंटिमीटर रुंद धूसर कडेची. माठ आणि फांदी दोघांना सारखीच कडक कड दिली की झाड कागदातून कापून आणून चिकटवल्यासारखं दिसतं.

माठाचं तोंड तर पूर्ण उलटं वागतं. बाहेरून डावी बाजू उजळ, पण आत डोकावलं तर डावी आतली भिंत काळोखात आणि उजवी आतली भिंत उन्हात. पोकळ वस्तूंचा हा उलटा उतार बहुतेकांचा चुकतो, आणि एवढं एक बरोबर आलं की माठ पोकळ आहे हे न सांगता कळतं.

माठ, पायरीपायरीने

रेखाटन एचबी पेन्सिलने, हलकं. बाह्याकाराबरोबर उन्हाच्या ठिपक्याची जागा, गडद पट्ट्याची सुरुवात आणि पडछायेचा पूर्ण आकार आखून घ्या. सावली घाईत रंगवायची असल्यामुळे तिचा आकार त्या वेळी ठरवत बसायला सवड नसते.

भिंत आधी. बोर्ड फिरवून चित्राची उजवी बाजू वर आणा. रॉ सिएनात अल्ट्रामरीनचा अगदी किंचित स्पर्श, कोऱ्या चहाहून पातळ. साधारण ३० मिली आधीच कालवून ठेवा, मध्ये संपला तर तोच रंग पुन्हा जुळत नाही. उजव्या कडेपासून सुरू करून माठाच्या डावीकडे नुसत्या पाण्यावर या. माठाचा आकार वगळून. उन्हातली भिंत जवळजवळ कोरीच राहते, आणि तशीच राहू द्या. पूर्ण वाळू द्या, पालथा हात लावून.

माठासाठी तीन वाट्या आधी तयार हव्यात. पहिलीत रॉ सिएना आणि थोडी बर्न्ट सिएना, कोऱ्या चहाइतकी पातळ. दुसरीत बर्न्ट सिएना, पातळ ताकाइतकी. तिसरीत बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन निम्मे-निम्मे, दह्याइतकं दाट. सुरू केल्यावर रंग कालवायला थांबायचं नाही.

उन्हाच्या ठिपक्याभोवती स्वच्छ पाण्याची कड घाला, ठिपका कोरडा ठेवा. पहिली वाटी घेऊन ठिपक्याच्या पाण्याला शिवत डावीकडून उजवीकडे पूर्ण माठ भरा, फटकारे माठाच्या गोलाईने, उभे वळणदार. दोन तृतीयांश अंतरावर ओल्यातच दुसरी वाटी सुरू करा आणि उजव्या कडेपर्यंत न्या. आता थांबा. आरशाची चमक रेशमी झाली की राउंड ब्रशच्या टोकाने तिसऱ्या वाटीचा रंग गडद पट्ट्याच्या जागी, वरून खाली एका वळणात सोडा. घासायचं नाही, टेकवून सोडायचा. तो दोन्ही बाजूंना थोडा-थोडा विरतो. उजवीकडचा विरलेला भाग हाच परतलेला उजेड. उजवी कड फारच गडद झाली तर पिळलेल्या ब्रशने एकदाच, कडेला समांतर, पुसून घ्या.

तिसरी वाटी दाट असण्याचं कारण आता लक्षात येईल. माठ ओला आहे. त्यात ताकासारखा पातळ रंग सोडला तर आपण पाणीच सोडतो आहोत आणि तो पसरून नाहीसा होतो. ओल्यावर सोडायचा रंग नेहमी खालच्या वॉशपेक्षा दाट हवा. या एका नियमाने निम्म्या फुलकोब्या वाचतात.

माठाचं बूड ओलं असतानाच पडछाया सुरू करा. तीच तिसरी वाटी, त्यात थोडं पाणी. माठ आणि सावली बुडाशी एकमेकांत मिसळू द्या, मधली रेघ हरवली तर उत्तमच. वस्तू जमिनीवर टेकते ती अशा हरवलेल्या कडेमुळे. तिथून उजवीकडे जाताना ब्रशमध्ये अल्ट्रामरीन वाढवत आणि पाणीही वाढवत चला. कट्टा संपून सावली भिंतीवर चढते तिथे ती मोडते, दिशा बदलते. मोड नीट दाखवा. भिंतीवरच्या टोकाची कड वर सांगितल्याप्रमाणे विरवा, बुडाजवळची तशीच कडक ठेवा.

माठाचं तोंड शेवटी, सगळं वाळल्यावर. डाव्या आतल्या कडेला तिसरी वाटी, उजवीकडे येताना पाण्याने उतरवत नेऊन उजवी आतली कड पहिल्या वाटीच्या रंगावर सोडा. काठाची जाडी कोरी किंवा पातळ रंगातच राहू द्या. एक-दोन मिलिमीटरची ती उजळ कमान झाकली तर माठाऐवजी काळ्या तोंडाचा गोळा दिसतो.

सावली कमी पडली असं वाळल्यावर वाटलं तर एकच वॉश आणखी, पातळ अल्ट्रामरीनचा, माठाच्या छायेतून पडछायेपर्यंत सलग, मऊ ब्रशने आणि एकाच फेरीत. याने दोन्ही सावल्या एका हवेत येतात. तो टाकताना खालचा रंग उचलला जातोय असं दिसलं तर कागद अजून गार आहे, थांबा. दुसऱ्याच्या पुढे तिसरा थर टाकू नये.

उजेड आजूबाजूच्या अंधारावर किती अवलंबून असतो ते बघायचं असेल तर म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं चित्रकार सावळाराम हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' बघावं. दिवा हाताने झाकून धरलेल्या स्त्रीचं ते चित्र बरेच जण राजा रविवर्म्याचं समजतात आणि तैलरंगातलं धरून चालतात; ते हळदणकरांचं आहे आणि जलरंगातलं आहे. दिव्याजवळ बोटांतून लालसर झिरपणारा उजेड आणि दिव्यापासून लांब जाताना साडीवर मंदावत जाणारा तोच उजेड, एवढ्यावर चित्र उभं आहे. छापील प्रतीवर पुठ्ठ्याचं भोक ठेवून चेहऱ्याच्या छटा तपासल्या तर त्या वाटल्या होत्या त्याहून बऱ्याच गडद निघतात.

बिघडलं तर

पट्टे दिसतात: फुगीर ओळ मध्येच आटली. ब्रश नीट भरला नव्हता, पंखा चालू होता किंवा दोन पट्ट्यांच्या मध्ये फोन घेतला. वाळल्यावर पूर्ण भाग स्वच्छ पाण्याने हलका ओला करून वरून पुन्हा एक उतार दिला तर काही प्रमाणात मिटतात.

फुलकोबी: लगेच टिपू नका, पूर्ण वाळू द्या. मग ओलसर ब्रशने तिची कड मऊ करून फडक्याने दाबून उचला. अल्ट्रामरीनला हे मानवतं. माठावर किंवा जुन्या भिंतीवर आली असेल तर सरळ राहू द्या, पोपडा म्हणून खपते.

सावली मळकट: एकतर तीनपेक्षा जास्त रंगद्रव्यं मिसळली गेली, नाहीतर वाळत आलेल्या रंगात ब्रश घोळला. यावर इलाज नाही, नवा कागद घ्या.

उन्हाचा ठिपका झाकला गेला: ओलं असेल तर पिळलेल्या ब्रशने लगेच शोषून घ्या. वाळलं असेल तर ब्लेडच्या टोकाने अलगद खरवडा. खरवडलेल्या जागी नंतर रंग गडद बसतो, म्हणून हे सर्वांत शेवटी.

टेप कागद पूर्ण वाळल्यावरच काढा, चित्रापासून बाहेरच्या दिशेने, कागदाशी अगदी बारीक कोन ठेवून, सावकाश. कागद फाटायला लागला तर हेअर ड्रायरने टेप थोडी गरम करा, गोंद सैल होतो.